गोव्याचा सायब आणि राजदंड: संतांच्या मध्यस्थीची पार्श्वभूमी

जुन्या गोव्याच्या बॉम जेजू बॅसिलिकात सोळाव्या शतकातील जेजुइट (येशूसंघीय) धर्मप्रचारक संत फ्रान्सिस झेवियर यांच्या शवपेटीपुढे उभा राहून भाविक प्रार्थना करतो, तेव्हा चर्चच्या शिकवणीनुसार तो त्या देहाकडे काही मागत नसतो. संताने आपल्यासाठी देवाला विनंती करावी, एवढेच त्याचे मागणे असते. व्यवहारात मात्र ही सीमा नेहमीच पुसट राहिली आहे.

दुसऱ्या शतकात स्मर्ना (आजच्या तुर्कस्तानातील इझमीर) येथे हुतात्मा झालेले बिशप पॉलिकार्प यांच्या अस्थी तेथील ख्रिस्ती लोकांनी रत्नांहून मोलाच्या मानून जपल्या. पाचव्या शतकाच्या आरंभी विजिलँशियस या धर्मगुरूने अशा अवशेषांपुढे मेणबत्त्या लावण्यावर टीका केली, तेव्हा अवशेषांना मान देतो तो ज्याचे ते हुतात्मे, त्या देवाच्या भक्तीसाठी, अशी बाजू संत जेरोम यांनी मांडली. सोळाव्या शतकात प्रोटेस्टंट सुधारकांनी ही प्रथाच नाकारली. त्यावर कॅथलिक चर्चच्या ट्रेंट येथील धर्मपरिषदेने 1563 मध्ये संतांची मध्यस्थी मागणे हितकारक ठरवले, पण अवशेषांभोवतीची अंधश्रद्धा आणि पैशाचा लोभ दूर करावा, असेही बजावले.

झेवियर 3 डिसेंबर 1552 रोजी चीनच्या किनाऱ्याजवळील सांच्यांव बेटावर वारले आणि 1554 मध्ये त्यांचा देह मलाक्कामार्गे गोव्यात आला. देह कुजलेला नाही ही वार्ता पसरली आणि अवशेषांची मागणी वाढली. 1614 मध्ये उजवा हात कापून रोमला पाठवण्यात आला. ही गोष्ट आज अंगावर काटा आणते, पण त्या काळी तो सन्मानच होता. 1622 मध्ये त्यांना संतपद मिळाले.

या श्रद्धेला राजकीय वळण लागले ते 1683 मध्ये, आणि त्याचा संबंध थेट मराठ्यांच्या इतिहासाशी आहे. छत्रपती संभाजी महाराजांच्या फौजेने जुन्या गोव्याजवळचे जुवे बेट घेतले, पोर्तुगीजांची राजधानीच धोक्यात आली, तेव्हा पोर्तुगीज व्हाइसरॉय कोंदे द आल्व्होर याने शवपेटी उघडवून आपला राजदंड संताच्या देहापाशी ठेवला आणि गोव्याच्या रक्षणाचा भार त्याच्यावर सोपवला. पुढे मुघल शाहजादा शाह आलम याची फौज कोकणात उतरत असल्यामुळे मराठ्यांना माघारी वळावे लागले. इतिहासकाराला हे कारण पुरेसे वाटते; पोर्तुगीज गोव्याने मात्र श्रेय संताला दिले. येथे विनंती करणारा मध्यस्थ मागे पडून संत स्वतःच राज्याचा रक्षणकर्ता झालेला दिसतो, आणि ‘गोंयचो सायब’ (गोव्याचा धनी) या संताच्या कोंकणी संबोधनातला अधिकाराचा सूरही त्याच जातीचा आहे.

पोर्तुगालने 1759 मध्ये झेवियर यांच्याच धर्मसंघातल्या जेजुइटांना हद्दपार केल्यावर त्यांनी देहही पळवला, अशी अफवा उठली. ती खोडून काढण्यासाठी 1782 मध्ये देह लोकांना दाखवण्यात आला, आणि पुढच्या जाहीर दर्शनांची परंपरा तेथून सुरू झाली. 1964 पासून हे दर्शन साधारण दहा वर्षांनी होते. अलीकडचे 21 नोव्हेंबर 2024 ते 5 जानेवारी 2025 या काळात झाले. सध्याच्या चर्चच्या कायद्यानुसार पवित्र अवशेष विकण्यास सक्त मनाई आहे, आणि एवढे महत्त्वाचे अवशेष रोमच्या परवानगीवाचून कायमचे दुसरीकडे हलवता येत नाहीत.