डीएसएलआर कॅमेरा, प्राथमिक श्रेणीचा

लेन्स बदलता येणारा, आरशावरून परावर्तित झालेले दृश्य थेट डोळ्यापर्यंत पोहोचवणारा आणि आपल्या कंपनीच्या डीएसएलआरमध्ये सर्वांत कमी किमतीचा कॅमेरा. कॅननचे ३००डी व १५००डी, निकॉनचे डी४० व डी३५०० ही परिचित उदाहरणे.

आरंभ : या श्रेणीचा पहिला कॅमेरा कोणता, याविषयी मतभेद आहेत. एक मत कॅनन डी३० (२०००) ला मान देते. त्याचा सेन्सर ३१ लाख पिक्सेलचा होता. पण त्याची किंमत सुमारे ३,००० डॉलर होती. निकॉन डी१०० (२००२) सुमारे २,००० डॉलरला आला, तोही हौशी माणसाच्या आवाक्याबाहेरच होता. ऑगस्ट २००३ मध्ये जाहीर झालेला कॅनन ३००डी (६३ लाख पिक्सेल) मात्र लेन्ससह हजार डॉलरच्या आत मिळू लागला. प्रस्तुत नोंदीत हाच आरंभ ग्राह्य धरला आहे, आणि त्याचे कारण केवळ किंमत नाही. त्याच वर्षीच्या, वरच्या श्रेणीतल्या १०डी शी त्याच्या सेन्सरची क्षमता बरोबरीची होती. धातूच्या जागी प्लॅस्टिक आले, लोलकाच्या जागी आरसे आले आणि काही सोयी तर नुसत्या फर्मवेअरमध्ये (कॅमेरा चालवणाऱ्या आतल्या आज्ञावलीत) बंद ठेवल्या गेल्या. वापरकर्त्यांनी बदललेले फर्मवेअर घालून त्यांतल्या काही पुढे उघडल्याही. चित्राचा दर्जा राखायचा आणि काटछाट इतरत्र करायची, हे या श्रेणीचे खरे लक्षण तिथेच ठरले.

रचना : महागड्या डीएसएलआरच्या डोक्यावर काचेचा भरीव पंचकोनी लोलक असतो. इथे त्याऐवजी पोकळ जागेत बसवलेले आरसे असतात. वजन व खर्च वाचतो, पण प्रत्येक परावर्तनात थोडा प्रकाश हरवतो. डोळा लावला की दृश्य लहान आणि काहीसे अंधारे दिसते. दृश्यदर्शकात चौकटीचा सुमारे ९५ टक्के भागच दिसत असल्याने कडेला नको असलेला खांब किंवा कोपर फोटोत येते.

निकॉन डी४० (२००६) पासून डी३५०० (२०१८) पर्यंतच्या तळच्या मॉडेलांच्या बॉडीत फोकसची मोटर नाही. बॉडीतल्या मोटरवर फोकस होणारी जुनी ५० मिमी एएफ-डी लेन्स लावली तर रिंग हाताने फिरवावी लागते. दृश्यदर्शकात खाली डावीकडे हिरवा ठिपका स्थिर झाला की फोकस बसला. सेन्सर एपीएस-सी आकाराचा (निकॉनमध्ये सु. २३.५ × १५.६ मिमी, कॅननमध्ये सु. २२.३ × १४.९ मिमी) असतो. सोबतची किट लेन्स बहुधा १८–५५ मिमी, एफ/३.५–५.६ (एफचा आकडा जितका मोठा, तितके लेन्सचे छिद्र लहान). कॅनन व निकॉन यांनी २०२० नंतर नवा डीएसएलआर आणलेला नाही. आता भर मिररलेस, म्हणजे आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांवर आहे.

खानदेशात : चाळीसगावचे छायाचित्रकार केकी मूस (१९१२–१९८९) यांनी या प्रदेशाला छायाचित्रणाची थोर परंपरा दिली, ती फिल्मच्या काळातली. डीएसएलआर इथे रुळला तो लग्नाच्या ऑर्डरींत आणि अहिराणी गाण्यांच्या चित्रीकरणात. मांडवातल्या संध्याकाळच्या उजेडात किट लेन्स ५५ मिमीला एफ/५.६ च्या पुढे उघडत नाही. मग आयएसओ (प्रकाशसंवेदनशीलता) १६०० ते ३२०० वर न्यावा लागतो आणि नवरीच्या शालूच्या गडद रंगात दाणे दिसू लागतात. भर दुपारच्या हळदीत उलट अनुभव येतो. उन्हात मागचा पडदा वाचता येत नाही, तेव्हा साधा आरशांचा दृश्यदर्शकच कामी येतो. १५००डी व डी३५०० यांच्यासाठी वापराचे कमाल तापमान ४० अंश सेल्सिअस दिलेले आहे. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. म्हणून दोन विधींच्या मधे कॅमेरा सावलीत ठेवणे हा कामाचाच भाग समजावा.

सारंगखेड्याच्या घोडेबाजारात धूळ सतत उडत असते. तिथे लेन्स बदलताना बॉडीचे तोंड खाली धरावे. नाहीतर सेन्सरवर बसलेले कण, छिद्र एफ/११ च्या पलीकडे लहान केले की, मोकळ्या आकाशात काळसर ठिपके होऊन उमटतात.