एल्कची हाळी आणि धनुष्याचा महिना

अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात एल्क या मोठ्या हरणाच्या शिकारीसाठी धनुष्यबाणाचा हंगाम २ सप्टेंबरला उघडतो आणि ३० सप्टेंबरला संपतो. मध्यावर थोडे दिवस ठासणीच्या बंदुकांना परवानगी असते. रायफलवाल्यांची पहिली पाळी मात्र ऑक्टोबरच्या मध्यावर येते. या क्रमाला मोठा अर्थ आहे. सप्टेंबरात एल्कचे नर माजावर येतात. पिवळ्या पडू लागलेल्या ॲस्पेनच्या बनातून पहाटे त्यांची हाळी ऐकू येते: घोगऱ्या स्वरात सुरू होणारी, शिट्टीसारखी वर चढत जाणारी आणि शेवटी दोन-तीन हुंकारांत मोडणारी. तीनशे किलोंच्या जनावराच्या गळ्यातून एवढा बारीक सूर निघतो, यावर पहिल्यांदा ऐकणाऱ्याचा विश्वासच बसत नाही. या दिवसांत नर आपण होऊन ठावठिकाणा सांगतो, दुसऱ्या नराच्या आवाजावर धावून येतो, एरवीची सावधगिरी विसरतो. शिकाऱ्यासाठी वर्षातला सर्वांत चांगला महिना हा, आणि तो दिला आहे सर्वांत दुबळ्या हत्याराला. ही वाटणी कशी झाली, ते पाहण्यासारखे आहे.

आपल्या मनात शिकार हा शब्द आला की पाठोपाठ १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा येतो, आणि ते योग्यच आहे. आपल्याकडे उरलेले रान वाचवायचे तर बंदीशिवाय दुसरा मार्ग नव्हता. अमेरिकेच्या पश्चिम भागात मात्र जनावर वाचले ते वेगळ्या वाटेने, आणि ती वाट समजून घेतल्याशिवाय सप्टेंबरचा हा हंगाम कळत नाही.

आधी जनावर. एल्क म्हणजे आपल्या सांबराहून कितीतरी मोठे हरीण. काश्मीरचा हंगुल त्याचा जवळचा नातलग. अमेरिकेच्या मूळ रहिवाशांपैकी शॉनी लोकांच्या भाषेतला ‘वापिटी’ हा शब्द, म्हणजे पांढऱ्या पुठ्ठ्याचा, त्याला जास्त शोभतो, कारण युरोपात ‘एल्क’ म्हणतात ते मूस नावाच्या भलत्याच प्राण्याला. गोरे लोक येण्यापूर्वी उत्तर अमेरिकेत सुमारे एक कोटी एल्क असावेत असा अंदाज सांगितला जातो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते एक लाखाच्याही आत आले. पूर्वेकडचा एल्क आणि नैर्ऋत्येकडचा मेरियम एल्क, असे दोन प्रकार तर पृथ्वीवरून नाहीसे झाले. खाणकामगारांच्या वस्त्यांना आणि रेल्वे बांधणाऱ्यांना मांस हवे होते, कारखान्यांच्या पट्ट्यांना कातडे हवे होते, कुरणे गुराढोरांनी आणि मेंढ्यांनी भरली होती. आणि दात. एल्कच्या वरच्या जबड्यात हस्तिदंतासारखे दोन सुळे असतात. १८६८ मध्ये न्यूयॉर्कमध्ये ‘एल्क्स’ नावाचा बंधुसंघ निघाला आणि त्याच्या सभासदांमध्ये घड्याळाच्या साखळीला हा सुळा लटकवण्याची टूम आली. दोन दातांसाठी जनावर मारून बाकीचा देह तिथेच टाकून देणारे शिकारी त्या काळात होते. संघाने पुढे ही प्रथा नाकारली, पण तोवर व्हायचे ते होऊन गेले होते.

यलोस्टोन हे राष्ट्रीय उद्यान १८७२ मध्ये झाले खरे, पण तिथे शिकार करणाऱ्याला शिक्षा देणारा कायदा यायला १८९४ साल उजाडले. १९०० च्या लेसी कायद्याने चोरून मारलेल्या जनावराची राज्याबाहेर वाहतूक हा केंद्रीय गुन्हा ठरला आणि मांसबाजाराचे कंबरडे मोडले. १९१२ मध्ये वायोमिंगमधल्या जॅक्सनजवळ उपाशी मरणाऱ्या कळपांसाठी हिवाळी आश्रयस्थान निघाले. यलोस्टोनचा कळप हा मग बियाण्याचा साठा ठरला. तिथले एल्क पकडून रेल्वेच्या डब्यांतून देशभर पाठवले गेले. १९१३ मध्ये काही ॲरिझोनात उतरले, काही पेनसिल्व्हेनियात. १९१३-१४ मध्ये ४९ एल्क कोलोरॅडोतल्या एस्टेस पार्कला आले. डेन्व्हरला राहणारी मराठी मंडळी सप्टेंबरात पाहुण्यांना घेऊन एस्टेस पार्कला हाळी ऐकायला जातात, तेव्हा ती त्या ४९ जनावरांच्या वंशजांचीही हाळी असते. आज कोलोरॅडोत पावणेतीन लाखांहून जास्त एल्क आहेत, जगात सर्वांत मोठी संख्या.

जनावराइतकीच महत्त्वाची त्याच्या पायाखालची जमीन. एकोणिसाव्या शतकात अमेरिकी सरकारचे धोरण जमीन वाटून टाकण्याचे होते: शेतकऱ्याला, खाणवाल्याला, रेल्वे कंपनीला. १८९१ मध्ये एका कायद्यातल्या तरतुदीने राष्ट्राध्यक्षांना जंगले राखून ठेवण्याचा अधिकार मिळाला. तो थिओडोर रूझवेल्ट यांनी कसा वापरला, हे सांगायलाच हवे. १९०७ मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, वायव्येकडच्या सहा राज्यांत नवी राखीव जंगले करण्यावर बंदी घालणारे विधेयक मंजूर केले. सही करण्याची मुदत संपण्यापूर्वी रूझवेल्ट आणि त्यांचे वनप्रमुख गिफर्ड पिन्शो यांनी नकाशे पसरून सुमारे १ कोटी ६० लाख एकर जंगल राखीव करून टाकले आणि मग विधेयकावर सही केली. आज राष्ट्रीय वने सुमारे १९.३ कोटी एकर आहेत, आणि १९४६ मध्ये स्थापन झालेल्या भूमी व्यवस्थापन विभागाकडे आणखी साधारण २४.५ कोटी एकर. दोन्ही मिळून जवळजवळ पावणेसहा महाराष्ट्र. बहुतेक ठिकाणी कुणीही नागरिक जाऊ शकतो, तंबू ठोकू शकतो, हंगामात परवाना घेऊन शिकार करू शकतो. युरोपात शिकार ही जमीनदाराची मक्तेदारी होती. इथे जनावर राज्यातल्या जनतेचे, राज्याने विश्वस्त म्हणून सांभाळायचे, आणि जमीन देशाची. पगारदार सुताराला आणि कारखानदाराला एकच पायवाट. मला या साऱ्या इतिहासातली ही सर्वांत मौल्यवान गोष्ट वाटते.

तिच्या मुळाशी एक अन्यायही आहे. ‘मोकळी’ म्हणून राखलेली ही जमीन मोकळी नव्हती. कोलोरॅडोच्या पश्चिम भागातून तिथल्या मूळ रहिवासी यूट लोकांना १८८१ मध्ये बळाने हलवले गेले. क्रो लोकांनी १८६८ च्या तहात आपली भूमी देताना एक हक्क राखून ठेवला होता: वस्ती नसलेल्या जमिनीवर शिकार करण्याचा. वायोमिंगने तो हक्क संपल्याचे अनेक दशके धरून ठेवले. बिगहॉर्न राष्ट्रीय वनात एल्क मारल्याबद्दल एका क्रो शिकाऱ्यावर खटला भरला गेला, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी सांगितले की वायोमिंग राज्य झाल्याने तह संपत नाही.

आणि मग धनुष्य. यलोस्टोनच्या डोंगरात राहणारे शोशोनी लोक रानमेंढ्याच्या शिंगाची आखूड, जबरदस्त ताकदीची धनुष्ये बनवत. पण आजची अमेरिकी धनुर्शिकार ज्या धाग्याला पकडून उभी राहिली, तो धागा एका एकट्या माणसाच्या हातात होता. २९ ऑगस्ट १९११ ला कॅलिफोर्नियातल्या ओरोव्हिल गावाच्या कत्तलखान्याच्या आवारात एक उपाशी, थकलेला माणूस सापडला. ‘याही’ नावाच्या जमातीतला तो शेवटचा. वसाहतवाल्यांनी त्याचे लोक टिपून टिपून मारले होते. उरलेली मूठभर माणसे चाळीसेक वर्षे दऱ्यांत लपून जगली, आणि एकेक करून गेली. त्याने आपले खरे नाव कुणालाही सांगितले नाही. त्याच्या रिवाजात स्वतःचे नाव स्वतः सांगायचे नसते, आणि ते सांगणारे दुसरे कुणी उरले नव्हते. म्हणून त्याला ‘इशी’ म्हणू लागले, त्याच्या भाषेत ‘माणूस’.

सॅन फ्रान्सिस्कोत विद्यापीठाच्या संग्रहालयात तो राहू लागला. शेजारच्या वैद्यकीय महाविद्यालयातले शल्यचिकित्सक सॅक्स्टन पोप त्याची प्रकृती पाहत. डॉक्टर रोग्याला तपासायला गेले आणि शिष्य होऊन बसले. इशीने त्यांना जुनिपरच्या लाकडातून धनुष्य तासायला, दगडाचे पाते हरणाच्या शिंगाने दाबून घडवायला, वाऱ्याची दिशा पाहून बसायला आणि ओठांना बोटे लावून सशाला बोलावायला शिकवले. २५ मार्च १९१६ ला क्षयाने इशी गेला. पोप आणि त्यांचे मित्र आर्थर यंग यांनी ती विद्या पुढे नेली. १९२० मध्ये त्यांनी यलोस्टोनमध्ये एका संग्रहालयासाठी ग्रिझली अस्वले बाणाने मारली, १९२३ मध्ये पोप यांनी धनुष्याच्या शिकारीवर पुस्तक लिहिले, आणि ते वाचून खेडोपाडी लोक धनुष्ये तासू लागले. ज्याच्या जमातीची शिकार झाली, त्याने शिकवलेल्या विद्येवर एक अख्खा छंद उभा आहे. सप्टेंबरात धनुष्य उचलणाऱ्या प्रत्येकाला हे ठाऊक असायला हवे.

पण धनुष्य आवडणे वेगळे आणि त्याला कायदेशीर हंगाम मिळणे वेगळे. १९३४ मध्ये विस्कॉन्सिनने दोन परगण्यांत हरणांसाठी फक्त धनुष्याचा हंगाम उघडला. त्यामागे आल्डो लिओपोल्ड यांचाही हात होता. वन्यजीव व्यवस्थापनाच्या शास्त्राचे जनक म्हणून आपण त्यांना ओळखतो. ते स्वतः धनुष्ये बनवत आणि त्यांच्या पत्नी एस्टेला राज्यातल्या नावाजलेल्या तिरंदाज होत्या. याच लिओपोल्ड यांच्या आग्रहाने वनसेवेने १९२४ मध्ये न्यू मेक्सिकोतले ‘हिला’ नावाचे रान पहिले ‘वाइल्डरनेस’, म्हणजे अस्पर्श ठेवायचे रान, म्हणून राखले. तिथला मूळ मेरियम एल्क तोवर संपला होता. आज त्याच डोंगरात बाहेरून आणलेल्या एल्कचे वंशज हाळी देतात आणि तिथला धनुष्याचा टॅग, म्हणजे शिकारीचा परवाना, सोडतीत लागणे हे नशीब समजले जाते.

पुढची तीस वर्षे एकेका राज्यात हाच झगडा चालला. तिरंदाजांना दोन परस्परविरोधी गोष्टी पटवायच्या होत्या. बाणाने जनावर जखमी होऊन तडफडत फिरते, हा आक्षेप खोडायला धनुष्य नीट मारते हे दाखवायचे. आणि वेगळा, लांब, आधीचा हंगाम हवा म्हणून धनुष्य फार मारत नाही हेही दाखवायचे. पहिल्या कामासाठी १९६१ मध्ये ग्लेन सेंट चार्ल्स यांनी पोप आणि यंग यांच्या नावाने क्लब काढला आणि धनुष्याने मिळवलेल्या मोठ्या जनावरांच्या नोंदी ठेवल्या. दुसरे आपोआप सिद्ध होत होते. एल्कच्या तीस-चाळीस यार्डांत जायचे, तेही पहाटे डोंगरावरून खाली वाहणारा आणि ऊन तापले की उलटून वर चढणारा वारा सांभाळून. वासाचा एक झोत गेला की कळप दुसऱ्या खोऱ्यात. बाण दोन्ही फुप्फुसांतून गेला पाहिजे, मग अर्धा तास तरी जागचे हलायचे नाही. नंतर ऊन चढण्याआधी मांस सोडवून, पाठीवर वाहून, सावलीला न्यायचे, कारण खाण्याजोगे मांस रानात टाकणे हा गुन्हा आहे. दहाजणांत जेमतेम एक-दोघांना यश मिळते. राज्याच्या हिशेबाने हे सोन्यासारखे होते: पुष्कळ माणसांना रान मिळते आणि थोडी जनावरे जातात. माजाच्या महिन्यात रायफली सोडल्या असत्या तर मोठ्या नरांचा फडशा पडला असता. धनुष्याला सप्टेंबर मिळाला तो त्याच्या दुबळेपणामुळे.

१९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने रायफली आणि काडतुसांवरचा ११ टक्के कर राज्यांच्या वन्यजीव खात्यांकडे वळवला होता. १९७२ मध्ये, आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायदा झाला त्याच वर्षी, तिकडे धनुष्यबाणही त्या कराखाली आणले गेले. दोन देशांनी एकाच वर्षी एकाच चिंतेवर दिलेली ही दोन उत्तरे मला नेहमी शेजारी ठेवून पाहावीशी वाटतात.

तोवर धनुष्य मात्र बदलू लागले होते. मिसुरीतल्या हॉलेस विल्बर ॲलन यांनी धनुष्याच्या टोकांना कप्प्या बसवल्या. ३० डिसेंबर १९६९ ला त्यांना पेटंट मिळाले. साधे धनुष्य जितके ओढावे तितके जड होत जाते. हे कप्प्यांचे, म्हणजे कंपाउंड, धनुष्य पूर्ण ओढल्यावर हलके होते, आजच्या बऱ्याच धनुष्यांत ८० टक्क्यांपर्यंत. झाडाआड एल्क थबकला असताना दोर ताणून वाट पाहणे, जे पूर्वी वर्षांच्या सरावाने जमे, ते आता कुणालाही जमू लागले. मग टर्की पक्ष्याच्या शिकाऱ्यांची तोंडात धरायची पडद्याची शिट्टी एल्कवाल्यांनी उचलली, मादीचा आवाज काढणाऱ्या शिट्ट्या आल्या, अंतर मोजणारे लेसर आले, फोनवर जमिनीच्या मालकीचे नकाशे आले. दुबळेपणाच्या बदल्यात मिळालेला महिना तोच राहिला आणि हत्यार मात्र सबळ होत गेले.

त्या नकाशांनी एक जुनी गाठही उघडी पाडली. १८६२ पासून रेल्वे कंपन्यांना रुळांच्या दोन्ही बाजूंना एकाआड एक चौरस मैलाचे तुकडे दिले गेले. बुद्धिबळाच्या पटावर पांढरी घरे सरकारी आणि काळी खाजगी, तसा दक्षिण वायोमिंगचा नकाशा आहे. पांढऱ्यातून पांढऱ्यात जायचे तर कोपऱ्यावरूनच. २०२१ मध्ये एल्क माउंटनवर मिसुरीच्या काही शिकाऱ्यांनी कोपऱ्यावर शिडी ठेवून खाजगी मातीला पाय न लावता पलीकडे पाऊल टाकले. त्यांच्यावर घुसखोरीचा खटला झाला, ज्युरीने २०२२ मध्ये सोडले, खाजगी जमिनीच्या मालकाने दिवाणी दावा लावला. मार्च २०२५ मध्ये वायोमिंगसह काही राज्यांवर हद्द असलेल्या दहाव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने १८८५ च्या कुंपणविरोधी कायद्याचा आधार घेऊन शिकाऱ्यांच्या बाजूने निकाल दिला, आणि ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घालायला नकार दिला. मोंटाना आणि आयडाहो त्या न्यायालयाच्या हद्दीबाहेर आहेत. तिथे हा निकाल बांधील नाही.

कोलोरॅडो अनेक वर्षे पश्चिमेतले सर्वांत उघडे दार होते. बाहेरच्या राज्यातला माणूस दुकानात जाऊन धनुष्याचा टॅग विकत घेई आणि राष्ट्रीय वनातल्या पुष्कळ भागांत शिरे. २०२५ पासून इंटरस्टेट २५ या महामार्गाच्या पश्चिमेला त्याला सोडतीत नाव घालावे लागते. रहिवाशांना टॅग अजून दुकानात मिळतो. स्थानिक तिरंदाजांची मोठी तक्रार गर्दीची होती: प्रत्येक पायवाटेच्या तोंडाशी गाड्यांची रांग, प्रत्येक दरीत कुणीतरी शिट्टी वाजवणारा. एल्कने या गर्दीला आपले उत्तर आधीच दिले आहे. माणसांचा वावर वाढला की नर हाळी देणे कमी करतात, आणि हंगाम उघडताच कळप सरकारी रानातून खाली खाजगी कुरणांवर सरकतात.