पुण्याच्या पादचारी धोरणाची पार्श्वभूमी

पुणे महापालिकेने २०१६ मध्ये पादचारी धोरण स्वीकारले, पण त्यामागचा प्रश्न, म्हणजे शहरात चालणाऱ्याला जागा किती, हा पेठांइतका जुना आहे. जुने पुणे पायी चालणाऱ्याच्या मापाने वाढले. कसबा पेठेतील तांबट आळीसारख्या वस्त्यांत घर आणि काम एकाच वाड्यात किंवा हाकेच्या अंतरावर असे आणि बाजार, देऊळ गाठण्यास वाहन लागत नसे. ही रचना सर्वसमावेशक मात्र नव्हती. कोणी कोठे राहायचे हे बहुधा जातीवरून ठरे, याचा पेठांच्या आठवणींत रमणाऱ्यांना सहसा विसर पडतो.

शहर नदीपलीकडे पसरल्यावरही बराच काळ त्याची ओळख सायकलींचे शहर अशीच होती. १९६० नंतर पिंपरी-चिंचवड परिसरात कारखाने वाढले, घर आणि कामाचे ठिकाण यांतील अंतर वाढले आणि सायकलीची जागा स्कूटरने घेतली. वाहने वाढली की रस्तारुंदी, हे ठरलेले उत्तर झाले. रुंद झालेला भाग वाहनांना मिळे. पदपथ म्हणजे उरलेली पट्टी, आणि तिच्यावरही विजेची डीपी, पथारी व उभ्या दुचाकी यांचा मान आधीचा.

वाहनांऐवजी माणसांच्या प्रवासाला प्राधान्य देण्याची भूमिका २००६ च्या राष्ट्रीय नागरी परिवहन धोरणाने मांडली. रस्त्यांची मानके ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या २०१२ च्या सुधारित सूचनांनी तिला माप दिले: पदपथावर चालण्यासाठी किमान १.८ मीटर विनाअडथळा रुंदी, म्हणजे दोन व्हीलचेअर एकमेकींशेजारून जाऊ शकतील इतकी. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने पथारीवाल्यांच्या उपजीविकेला संरक्षण दिल्यामुळे, त्यांना हटवून पदपथ मोकळा करण्याऐवजी आराखड्यातच त्यांची जागा धरणे भाग पडले.

जंगली महाराज रस्त्याची पुनर्रचना या विचाराने झाली. तेथे पदपथ रुंद झाले, बाके आणि मुलांची खेळणी आली. मुळात ऐसपैस असलेल्या रस्त्यावर हे तुलनेने सोपे होते. लक्ष्मी रस्त्यावर दोन्ही बाजूंच्या इमारती व दुकानांमुळे रुंदी वाढवायला वावच नाही, त्यामुळे चालणाऱ्याला जागा द्यायची तर ती वाहनांकडूनच काढून घ्यावी लागते. ११ डिसेंबर २०२१ रोजी पादचारी दिनानिमित्त त्याचा काही भाग वाहनांसाठी बंद ठेवण्यात आला, तो याच अडचणीपोटी.