मॉन्स्टर कन्व्हर्जन : डंजन्स अँड ड्रॅगन्स

टेबलाभोवती बसून पात्रे वठवत खेळायच्या, म्हणजे टेबलटॉप रोलप्लेइंग, खेळाच्या एका आवृत्तीतला मॉन्स्टर दुसऱ्या आवृत्तीच्या नियमांत बसवण्याच्या कामाला मॉन्स्टर कन्व्हर्जन म्हणतात. या कामाची सर्वाधिक गरज पडते ती डंजन्स अँड ड्रॅगन्स या अमेरिकी खेळात. त्याचे नियम पन्नास वर्षांत अनेकदा पार बदलले, पण जुन्या साहसांची, म्हणजे खेळायच्या तयार कथानकांची, पुस्तके मात्र चाहत्यांच्या कपाटात तशीच राहिली. १९८०च्या आसपास छापलेले एखादे साहस आज खेळवायचे, तर त्यातल्या प्रत्येक प्राण्याचे आकडे डीएमला, म्हणजे खेळ चालवणाऱ्या डंजन मास्टरला, नव्याने मांडावे लागतात.

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांचा मूळ खेळ १९७४ साली टीएसआर कंपनीने काढला. ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ शाखेचे (हीच पुढे पहिली आवृत्ती) ‘मॉन्स्टर मॅन्युअल’ १९७७ साली आले आणि दुसरी आवृत्ती १९८९ साली. या दोहोंमध्ये ये-जा करायला फारसे काही लागत नाही. खरी दरी पडली ती २००० साली. टीएसआर विकत घेतलेल्या विझर्ड्स ऑफ द कोस्टने तिसऱ्या आवृत्तीत सगळा खेळ वीस बाजूंच्या फाशाभोवती नव्याने रचला. त्यानंतर २००३ साली साडेतिसरी, २००८ साली चौथी, २०१४ साली पाचवी आणि २०२४ साली पाचवीचीच सुधारित रूपे आली. पुढे पाचवीचे आकडे दिले आहेत ते २०१४च्या पुस्तकांतले.

आकडेमोड पाहिली तर दोन सूत्रांत अर्धे काम उरकते. जुन्या नियमांत आर्मर क्लास, म्हणजे बचावाचा आकडा, जितका कमी तितका बचाव चांगला, आणि तो शून्याच्या खालीही जाई. नव्यात तो चढता झाला. म्हणून २० मधून जुना आकडा वजा करायचा : ४ चे १६ होतात. आक्रमणाच्या ‘थॅको’चेही (शून्य आर्मर क्लासवर वार लागायला फाशावर हवा असलेला आकडा) तसेच, १३ थॅको म्हणजे फाशात +७. मात्र १९८१च्या ‘बेसिक’ पुस्तकांतला मॉन्स्टर असेल तर वजाबाकी १९ मधून करावी, कारण तिथे चिलखत नसलेल्या माणसाचा आर्मर क्लास १० नव्हे, ९ धरलेला आहे. एका आकड्याचाच फरक, पण पुष्कळांच्या नजरेतून सुटतो.

सूत्र कुठे तोंडघशी पडते, हे राक्षसावरून चांगले दिसते. हा प्राणी ‘रक्षस’ याच नावाने १९७७च्या मॅन्युअलमध्ये आहे. वाघाचे डोके, उलट्या तळव्यांचे हात, आणि समोरच्याच्या मनातले ओळखून त्याच्या विश्वासातल्या माणसाचे रूप घेण्याची कला, अशी त्याची घडण. रामायणातल्या मायावी राक्षसांशी रूप पालटण्यापुरते नाते आहे. बाकी पाइप ओढणारे हे ध्यान आपल्या ओळखीचे नाही. १९७७ साली त्याचा आर्मर क्लास होता उणे ४. सूत्राने तो २४ व्हायला हवा. साडेतिसऱ्या आवृत्तीने २१ दिला आणि पाचवीने थेट १६. हा छपाईतला दोष नव्हे. पाचव्या आवृत्तीत पात्रे कितीही वर चढली तरी आक्रमणाचे आकडे जाणूनबुजून आवळून धरले आहेत, त्यामुळे २४ चा आर्मर क्लास तिथे प्राचीन ड्रॅगनलाही मिळत नाही. कमी झालेल्या बचावाची भरपाई हिट पॉइंट्समध्ये, म्हणजे किती इजा सोसता येते त्या आकड्यात, केली आहे : सात हिट डाइसचा (हे पॉइंट्स ठरवणारे फासे), म्हणजे सरासरी ३१-३२ पॉइंट्सचा राक्षस पाचवीत ११० पॉइंट्सचा झाला.

आकड्यांपेक्षा त्याच्या खास गुणांचे काय झाले, ते अधिक बोलके आहे. मूळ राक्षसावर आठव्या पातळीखालचे कोणतेही मंत्र चालत नसत. साडेतिसरीत त्याऐवजी २७ चा ‘स्पेल रेझिस्टन्स’ आला : दहाव्या पातळीच्या जादूगाराने फासा टाकून १७ किंवा त्याहून जास्त आणले (त्यात पातळीचे १० मिळवून २७) तरच मंत्र लागू, म्हणजे पाचात एकदा. पाचवीत पुन्हा सरसकट बंदी आली, पण सहाव्या पातळीपर्यंतच्या मंत्रांना. आणि जुन्या नियमांत मंतरलेला क्रॉसबोचा बाण लागला की राक्षस जागीच मरत असे. ते गुपित हाती लागणे हेच राक्षस असलेल्या साहसाचे अर्धे मर्म होते. पाचवीत या बाणाचे झाले असे : सज्जन पात्राने जादूच्या टोकदार शस्त्राने मारले तर दुप्पट इजा. नियम म्हणून हे नीटनेटके आहे, पण कोड्याची जागा हिशेबाने घेतली. जुने साहस खेळवणाऱ्या डीएमने इथे छापील नोंद बाजूला ठेवून बाण परत आणावा, हे माझे मत.

हिट पॉइंट्सचा फुगवटा ट्रोलमध्येही दिसतो. पहिल्या आवृत्तीत ६+६ हिट डाइस (सहा फासे आणि वर ६), म्हणजे सरासरी ३३. साडेतिसरीत ६३, पाचवीत ८४. जखमा आपोआप भरण्याचा वेगही दर फेरीला ३ वरून ५ आणि मग १० झाला. आग आणि आम्ल यांनीच हे भरणे थांबते, हे मात्र प्रत्येक आवृत्तीने जपले. हिट डाइस जुन्यात सगळ्यांना आठ बाजूंचे असत. तिसरीत ते प्राण्याच्या प्रकारावरून ठरू लागले आणि पाचवीत आकारावरून, म्हणून जुना आकडा तसाच उचलून उपयोग होत नाही.

नव्या आवृत्तीत शेवटी चॅलेंज रेटिंग, म्हणजे मॉन्स्टर किती अवघड त्याचा आकडा, ठरवावे लागते. पाचवीच्या डीएमसाठीच्या पुस्तकात त्याची रीत दिली आहे : हिट पॉइंट्स व आर्मर क्लासवरून बचावाचे रेटिंग, पहिल्या तीन फेऱ्यांतल्या सरासरी इजेवरून आक्रमणाचे, आणि दोहोंची सरासरी. गंमत अशी की त्यातल्या तक्त्यात रेटिंग ५ ला १३१ ते १४५ हिट पॉइंट्स सांगितले आहेत आणि त्याच रेटिंगचा छापील ट्रोल ८४ वरच थांबतो. तक्ता अंदाजापुरता धरावा आणि शेजारी त्याच रेटिंगचे दोन-तीन छापील मॉन्स्टर उघडे ठेवावेत. अनुभवी मंडळी हेच करतात.

काही गोष्टींना मात्र सूत्रच नाही. जुना वाइट हा प्रेतात्मा नुसत्या स्पर्शाने पात्राची कमावलेली पातळी कायमची हिरावून घेई, आणि टेबलाभोवतीचे सगळे त्याला बघताच पळ काढत. पाचवीतला वाइट फक्त कमाल हिट पॉइंट्स घटवतो, तेही सेव्ह, म्हणजे बचावासाठी टाकलेला फासा, चुकला तर, आणि लांब विश्रांतीने ते भरून येतात. पूर्वी जहाल विषाचा सेव्ह चुकला की पात्र संपले, आता बहुतेकदा इजाच होते. जुन्या नोंदीतला ‘किती संख्येने आढळतात’ हा रकाना तर पुष्कळ जण वाचतही नाहीत. ऑर्कपुढे तिथे ३० ते ३०० असे छापले होते. एकटा ऑर्क क्षुल्लक, पण ती टोळी हाच खरा मॉन्स्टर. चौथ्या आवृत्तीने एका हिट पॉइंटचे ‘मिनियन’ आणून ही गर्दी पुन्हा खेळवण्याजोगी केली, आणि राक्षसाला योद्धा, धनुर्धर, उमराव अशा वेगळ्या भूमिकांत वाटून दिले.

कायद्याची बाजू थोडक्यात. २००० सालच्या ओपन गेम लायसन्समुळे इतर प्रकाशकांनाही तिसऱ्या आवृत्तीच्या नियमांत मॉन्स्टर छापता येऊ लागले. नेक्रोमॅन्सर गेम्सने २००२ साली ‘टोम ऑफ हॉरर्स’मध्ये मागे राहून गेलेले जुने प्राणी परवानगीने आणले. बिहोल्डर, माइंड फ्लेअर असे काही मात्र कंपनीने स्वतःकडेच राखले. घरच्या खेळापुरते रूपांतर करणाऱ्याला यातले काही आड येत नाही.

उलटा प्रवासही होतो, विशेषतः जुन्या पद्धतीने खेळणाऱ्यांत. तिथे भर घालण्याऐवजी छाटावे लागते. पहिल्या आवृत्तीतल्या सर्वांत मोठ्या प्राचीन लाल ड्रॅगनचे हिट पॉइंट्स ८८, पाचवीतल्याचे ५४६. जुन्या नियमांत ड्रॅगनच्या अग्निश्वासाची इजा त्याच्या हिट पॉइंट्सइतकीच असते. म्हणजे नवा आकडा न छाटता जुन्या टेबलावर ठेवला, तर एका फुंकरीत ५४६ इजा, आणि सेव्ह साधला तरी निम्मी, २७३. जुन्या नियमांतल्या बलाढ्य पात्राकडेही एवढे हिट पॉइंट्स नसतात. म्हणून इथे आधी श्वासाची इजा ठरवावी आणि हिट पॉइंट्स तिच्यावरून काढावेत.