मशीनने केलेलं रूट कॅनालच स्वच्छ होतं का?

‘हाताच्या फाइलने केलेल्या रूट कॅनालमध्ये घाण राहते, मशीनने ते शंभर टक्के साफ होतं’ हा समज बराच जुना आहे. फाइल म्हणजे दाताची नळी आतून घासायची सुईसारखी बारीक कानस. मशीन जलद चालतं, त्यामुळे तसं वाटणं स्वाभाविक आहे.

पण दाताच्या मुळातली नळी सरळ, गोल नसते. ती कुठे चपटी, कुठे वाकडी असते, तिला बारीक फाटेही फुटतात. फाइल मात्र गोल फिरते. काढलेल्या दातांच्या मायक्रो-सीटी (अतिसूक्ष्म त्रिमितीय क्ष-किरण) तपासण्यांत दिसलं, की कोणतीही फाइल वापरली तरी नळीच्या भिंतीचा बराच भाग, अनेकदा ३५ टक्के किंवा जास्त, अस्पर्शच राहतो.

तिथे पोचतं ते औषधी पाणी. सोडियम हायपोक्लोराइट मृत ऊती विरघळवतं, जंतू मारतं. ईडीटीए हे दुसरं द्रावण घासताना भिंतीवर बसलेला भुशाचा थर काढतं. फाइलचं मोठं काम म्हणजे या पाण्याला वाट करून देणं. निकेल-टायटॅनियमच्या मशीन फाइल लवचीक असल्याने वाकड्या नळीत सरस ठरतात, हे खरंच.

खात्री करायची तर डॉक्टरांना विचारा: नळी कशाने धुणार? लांबी कशी मोजणार? रबर डॅम लावणार का? दाताभोवतीचा हा रबरी पडदा लाळेतले जंतू नळीत जाऊ देत नाही.