अठराव्या मजल्यावरची भिंत का सुटली?

गॅसच्या स्फोटाने इमारत पडली म्हटलं की स्फोट प्रचंड असणार, असं आपण धरून चालतो. लंडनच्या रोनन पॉइंटबाबत हे खरं नाही. १६ मे १९६८ च्या पहाटे या २२ मजली पालिकेच्या इमारतीत अठराव्या मजल्यावर गॅस भडकला. शेगडीच्या जोडणीतली निकृष्ट पितळी चाकी (नट) तुटून तो गळत होता. इमारतीचा एक कोपरा वरपासून खालपर्यंत कोसळला, चार जण दगावले. ज्या घरात स्फोट झाला तिथली बाई मात्र वाचली, आणि तिच्या कानांचे पडदेही शाबूत होते! म्हणजे दाब फार नव्हता.

मग भिंत गेली कशी?

युद्धानंतर ब्रिटनला भराभर घरं हवी होती. १९५६ च्या कायद्याने उंच इमारतींना अनुदान वाढवून दिलं, आणि कारखान्यात ओतलेल्या काँक्रीटच्या भिंती क्रेनने रचायच्या पद्धती आल्या. इथली पद्धत लार्सन-निल्सन, मूळची डेन्मार्कची. आपल्या आरसीसी इमारतीत कॉलमच्या सळया मजल्यामजल्यातून अखंड वर जातात. इथे कॉलमच नाहीत. भिंतीवर स्लॅब, स्लॅबवर पुढची भिंत, थेट पत्त्यांचा बंगला. बाहेरची भिंत जागेवर राहते ती मुख्यतः डोक्यावरच्या वजनाने. वजन जास्त तर सांध्यातलं घर्षण जास्त. तळाची भिंत एकवीस मजल्यांखाली दाबलेली, अठराव्याची जेमतेम चार मजल्यांखाली. तिला बाहेर सरकवायला चौरस मीटरला सुमारे दोन टन रेटा पुरेसा होता. ती निसटताच वरचे मजले निराधार झाले, खाली आले, आणि त्यांच्या आदळण्याने खालचा एकेक स्लॅब तुटत गेला. अभियंते याला साखळी-कोसळ म्हणतात.

'काँक्रीट वाईट', 'उंच घरं माणसासाठी नाहीतच' हे निष्कर्ष तेव्हाही निघाले, आजही निघतात. दोष उंचीचा नव्हता, सांध्यांचा होता. १९७० मध्ये ब्रिटिश नियम बदलले. तेव्हाची अट अशी होती: पाच किंवा जास्त मजल्यांच्या इमारतीत एक आधार गेला तरी बाकीची उभी राहिली पाहिजे, नाहीतर त्या आधाराने चौरस मीटरला ३४ किलोन्यूटन, म्हणजे साधारण साडेतीन टन, सोसले पाहिजेत.

रोनन पॉइंटचा कोपरा पुन्हा बांधून लोकांना तिथे राहायला दिलं होतं. १९८६ मध्ये इमारत मजल्यामजल्याने सुटी केली, तेव्हा सांधे उघडे पडले. भिंतीची पातळी जुळवायच्या बोल्टभोवती सिमेंटचा कोरडा मसाला ठासून भरायचा असतो, म्हणजे भार सबंध तळावर पसरतो. कित्येक ठिकाणी तो नव्हताच. पोकळीत वर्तमानपत्रं आणि कचरा कोंबलेला होता.