शोनबाइन कागद

जमिनीलगतच्या हवेतील ओझोनची चाहूल देणारा, शाळेच्या प्रयोगशाळेतही तयार करता येणारा चाचणी-कागद. बाझेल (स्वित्झर्लंड) येथील रसायनशास्त्रज्ञ क्रिस्टिआन फ्रीडरिख शोनबाइन (१७९९–१८६८) यांचे नाव त्याला मिळाले. पाण्याच्या विद्युत् विच्छेदनात येणाऱ्या उग्र वासावरून त्यांनी १८३९ मध्ये ओझोन ओळखला. ‘वास येणे’ या अर्थाच्या ग्रीक क्रियापदावरून त्याचे नामकरणही केले.

१०० मिलि ऊर्ध्वपातित पाण्यात ५ ग्रॅम कॉर्नफ्लोअर कालवून मंद आचेवर ढवळत राहायचे. खळ दाटसर व अर्धपारदर्शक झाली की उतरवून तीत १ ग्रॅम पोटॅशियम आयोडाइड मिसळायचे. निवलेली खळ गाळण कागदाच्या दोन्ही बाजूंना ब्रशने लावतात. इथे घाई करू नये. थर कुठे जाड, कुठे पातळ बसला की पुढे रंगही डागाडागांनी उमटतो. कागद अंधारात वाळवून पट्ट्या कापतात आणि हवाबंद बाटलीत ठेवतात.

चाचणीच्या दिवशी पट्टी ऊर्ध्वपातित पाण्याने ओलावून सावलीत सुमारे आठ तास टांगतात. ओझोन आयोडाइडपासून आयोडीन मोकळे करतो आणि ते खळीतील स्टार्चशी जुळून निळा-जांभळा रंग देते. पट्टी पुन्हा ओली करून हा रंग ० ते १० अशा रंगपट्टीशी ताडून पाहतात. एक पट्टी बंद बाटलीतच राहू द्यावी. तिच्याशिवाय तुलनेला आधार नाही.

रंग म्हणजे ओझोनचे थेट मोजमाप नव्हे. हवा दमट असेल तर तेवढ्याच ओझोनला पट्टी अधिक गडद होते, म्हणून सापेक्ष आर्द्रतेची नोंद हवीच. नायट्रोजन डायऑक्साइडही आयोडीन मोकळे करतो. वाहनांच्या धुरातील नायट्रिक ऑक्साइड ओझोन खाऊन टाकतो, त्यामुळे गजबजलेल्या रस्त्याकडेला ओझोन अनेकदा शहराबाहेरच्या मोकळ्या माळापेक्षा कमी असतो. तरीही तिथली पट्टी नायट्रोजन डायऑक्साइडमुळे रंगू शकते. या प्रयोगाचे खरे मोल मला इथेच वाटते: धूर दिसतो तिथेच ओझोन जास्त, हा समज मुलांना स्वतः तपासावा लागतो. जमिनीलगतचा ओझोन थेट धुराड्यातून येत नाही. नायट्रोजनची ऑक्साइडे आणि बाष्पनशील (सहज वाफ होऊन उडणारी) सेंद्रिय संयुगे यांच्यावर ऊन पडले की तो तयार होतो, म्हणून तो सहसा दुपारी चढतो.

भारतीय मानकानुसार आठ तासांची मर्यादा घनमीटरला १०० मायक्रोग्रॅम आहे. ती पाळली जाते की नाही हे कागद सांगू शकत नाही. त्यासाठी २५४ नॅनोमीटर तरंगलांबीचे अतिनील किरण ओझोन किती शोषतो, हे मोजणारी यंत्रे लागतात.

एकोणिसाव्या शतकात युरोपात या कागदाने असंख्य नोंदी झाल्या, पण आर्द्रतेच्या याच अडचणीमुळे त्यांचे आजच्या एककांत रूपांतर करणे अवघड ठरले. पॅरिसमधील माँसूरी वेधशाळेने १८७६ ते १९१० या काळात हवा आर्सेनाइट (आर्सेनिकचा क्षार) व आयोडाइडच्या द्रावणातून सोडून मोजणी केली. औद्योगिक युगापूर्वीच्या ओझोनचा अंदाज बांधताना संशोधक त्या नोंदींकडे वळतात.